वाटेनं जाणारी

शुक्रवार पेठ, सोलापूर
२८ नोव्हेंबर

दादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या पहिल्यांदा लक्षात येईल. विसरले नाही, मुद्दाम गाळलंय. तीर्थरूप माणसं बहिणीच्या लग्नाला येतात.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या पायलच्या मोबाइलवर केला तर पोरीच्या हातातून काढून घेतोस. म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, पोस्टमन ते पारावर आणून देतो, चार माणसांदेखत तुझं नाव घेऊन. तिथं ‘मला नको’ म्हणायची तुझी छाती नाही. मानसिंगला सख्ख्या बहिणीचं पत्र आलं आणि त्यानं ते परत धाडलं, ही बातमी वळसंगभर व्हायला दुपारसुद्धा लागायची नाही. तेव्हा घेशील. आणि घेतलंस की वाचशीलही, मी काय तुला आज ओळखते?

लग्न झालं. इथल्याच देवळाच्या हॉलमध्ये झालं. माझ्या शाळेच्या ऑफिसातल्या बायका होत्या आणि त्यांच्याकडची सांगोल्याची मंडळी. नवऱ्याचं नाव इंद्रजीत. उखाणा न घेता लिहिते, कारण तू ते नाव अजून एकदाही तोंडातून काढलेलं नाहीस, ‘त्यो चष्मेवाला’ म्हणतोस. बरं, चष्मेवाला तर चष्मेवाला. आमच्याच पेठेत चष्म्यांचं दुकान आहे, पहिली बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि माणूस तुझ्याइतकाच हट्टी आहे. भेटला असतास तर तुमचं जमलं असतं.

कानपिळीची वेळ आली तेव्हा गुरुजींनी विचारलं, वधूचे बंधू कुठं आहेत, नवरदेवाचा कान पिळायचाय. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांचा भाचा पुढं सरकला, मामाचा कान पिळायची संधी परत कधी मिळणार म्हणाला. मी त्याला थांबवलं. म्हटलं, मला भाऊ आहे. तो आला नाही म्हणून उसना भाऊ आणायचा नाही. गुरुजी जरा चरकले, पण पुढचा मंत्र सुरू केला. तर तो कान अजून कोराच आहे, एवढं तुझ्या कानावर घालते.

दसऱ्याला अंगणात उभा राहून तू जे बोललास ते मी विसरलेले नाही. शब्द न् शब्द पाठ आहे. “ह्या वयात, ह्या पायानं लगीन? चार म्हैन्यात हितंच आणून सोडंल तुला. आन् तरीबी जायचंच आसंल तर जा. पर येळवसला माज्या शेताची वाट धरू नगंस.”

दिवाळी काढून घेतली असतीस तर मी दिली असती. भाऊबीजसुद्धा दिली असती, एक साडी कमी आली असती एवढंच. पण तू नेमकी येळवस उचललीस. मार्गशीर्षातली अमावास्या, सगळं गाव शेतात, कडब्याची खोपटाएवढी कोप, आत चुन्यानं रंगवलेले दगडांचे पाच पांडव, आंबिलाचं मडकं, भाज्या-डाळींच्या भज्जीचं पातेलं, बाजरीच्या उंड्यांची पाटी. आणि तुझ्या सायकलच्या कॅरियरवर गोणपाटाची घडी, घडीवर मी. पुढं तुझी मोटारसायकल आली तरी त्या दिवशी तू सायकलच काढायचास. सहा वर्षांची होते तेव्हापासून एकही येळवस चुकली नाही. कुठं मारलं तर लागेल हे तुला बरोबर ठाऊक होतं.

असो. परवा आम्ही अंदमानला निघतोय, एका टूर कंपनीबरोबर. ऑफिसातल्या बायका त्याला हनिमून म्हणतात आणि पदर तोंडाला लावून हसतात. हसू देत. तिथं समुद्रात एक डोंगराळ बेट आहे, रस्ता नुसता चढ आणि उतार. तिथं भाड्यानं सायकली मिळतात. ते बेट मी सायकलनं पार करणार आहे.

व्हय, मी. कॅरियरवर बसून नाही, सीटवर बसून. एवढं वाचून झालं की घोटभर पाणी पी.

बना


स्वराज द्वीप, अंदमान
६ डिसेंबर

दादा,

केलं. बेटाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. आधी हे लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला राहायला नको.

अक्षर वाकडं आलंय, ते हॉटेलचं टेबल डुगडुगतंय म्हणून.

तुला पहिला प्रश्न पडला असेल, ही शिकली कधी. दोन हिवाळे शिकत होते. होम मैदानावर, दिवस उजाडताना, गड्ड्याची जत्रा नसते तेव्हा ते एवढं मोठं मैदान मोकळंच असतं. नंबर वाढला म्हणून मी चष्मा करायला गेले होते. इंद्रजीतनी भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली आणि मग उगाच विचारलं, अजून काय काय बघायचं राहिलंय? मी पण उगाच सांगितलं, सायकलच्या पुढच्या बाजूनं रस्ता कसा दिसतो ते बघायचं राहिलंय. कारण दादा, कॅरियरवरून आयुष्यभर मला फक्त तुझी पाठ दिसली. घामानं भिजलेला सदरा, त्याच्या पलीकडे शाळा. तुझ्या पाठीवर माझं प्रेम आहे, पण रस्ता काही दिसायचा नाही.

ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी कुणाची तरी लेडीज सायकल घेऊन मैदानावर उभे. डाव्या पॅडलला शाळेच्या जुन्या दप्तराचा पट्टा शिवून घेतला होता, त्यात माझं डावं पाऊल सरकवायचं. जोर सगळा उजव्या पायाचा. डावा नुसता बरोबर फिरतो, लग्नाच्या वरातीत पुढाऱ्यानं चालावं तसा. आमचं जे काय जमलं ते असं जमलं. बागेत नाही, हॉटेलात नाही, मैदानावर धूळ खात.

आता इथलं ऐक. टूरचा मॅनेजर सकाळी सगळ्यांना जीपमध्ये भरत होता. मी म्हटलं, आम्ही सायकलनं येतो. त्यानं आधी माझ्या केसांकडे बघितलं, मग पायाकडे, मग माझ्याशी न बोलता इंद्रजीतना सांगायला लागला, मॅडमना जमणार नाही, चढ फार आहेत, आमच्यावर येईल. तुझाच भाऊ शोभला असता. मी मध्ये शिरून म्हटलं, मॅडम इथं उभ्या आहेत, जे सांगायचं ते मॅडमना सांगा. तो म्हणाला, काही झालं तर कंपनी जबाबदार नाही. मी म्हटलं, बरं झालं, आजवर सगळेच जबाबदार होते, एक तरी माणूस नाही म्हणाला.

बाजारातल्या दुकानात सायकली लावलेल्या. मालकीण बंगाली, हिंदी माझ्यापेक्षा मोडकी. माझा टाच चढवलेला बूट त्या बाईनं बघितला. सरळ एक बुटकी सायकल ओढून आणली आणि सीट खाली केली. दप्तराचा पट्टा आम्ही सोलापुरातून बरोबर नेलेलाच होता. बांधला आणि निघालो.

पहिला रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना नारळ आणि सुपारी, मध्ये भाताची खाचरं, त्यांच्या कडेनं लोकांची पत्र्याची घरं. माणसं दारातून बघत होती. बघू देत. मी पंजाबी ड्रेस घातला होता, तोही जन्मात पहिल्यांदा, ओढणीची गाठ कमरेला. वारा पुढून येत होता, दादा. कॅरियरवर वारा नेहमी तुला लागायचा आणि मला उरलासुरला मिळायचा.

मग चढ सुरू झाले. आपल्याकडे चढ म्हणजे ओढ्याच्या पुलाचा. इथले चढ निराळे. दोन्हीकडे उंच उंच झाडांचं जंगल, ऊन खाली येत नाही, रस्ता वळतो आणि वळल्यावर त्याच्यापुढं अजून चढ. गिअर होते, मला त्यातला एकच कळला. एका पायानं दाबत, डाव्याला ओढत, मी मोजायचं सोडून दिलं आणि नुसती शिव्या देत वर गेले. कुणाला दिल्या ते विचारू नकोस. तू ओळखीचा आहेस त्याचा.

दोन जागी उतरून ढकलत नेली. खोटं कशाला बोलू. पण इंद्रजीत चार जागी उतरले. गुडघे धरून रस्त्याच्या कडेला बसले आणि मला म्हणाले, “लई झालं. तू हो पुढं, मी येतो रांगत.” चांगले दोन पाय असलेला माणूस! मी वर उभी राहून हसत होते.

शेवटच्या उतारानंतर झाडं संपली आणि एकदम समुद्र. एवढी पांढरी वाळू मी चित्रातसुद्धा बघितली नव्हती. टूरची मंडळी जीपनं आधीच पोचलेली. मॅनेजर नारळपाणी पीत होता, आम्हाला बघून त्याचा स्ट्रॉ तोंडातच राहिला. मी त्याच्या शेजारी सायकल लावली आणि पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. त्यालाही दिली. आपल्यात उपाशी कुणाला ठेवत नाहीत, मग तो कसाही वागलेला असो. हे शेवटचं वाक्य तुझ्यासाठी आहे.

इथं दिवस लवकर मावळतो, म्हणून ऊन कलायच्या आत परत फिरलो. येताना विशेष काही नाही. गुडघ्याला थोडं खरचटलंय, ते समुद्रात शिंपल्यानं लागलं.

हे पत्र इथल्या पोस्टातून स्पीड पोस्टनं टाकतेय, शिक्का बघून घे. पारावरच्यांना दाखव. बेटाचं नाव नीट वाचून दाखव.

बना


पोर्ट ब्लेअर
८ डिसेंबर

दादा,

परवाच्या पत्रात टेबल डुगडुगत होतं असं लिहिलं. टेबल चांगलं होतं. माझा उजवा तळवा सोलून निघाला होता, पेन धरवत नव्हतं. शिंपल्याचंही खोटं.

पडले. येतानाच्या मोठ्या उतारावर पडले.

हे तुला का सांगतेय? तू जिंकलास म्हणून नाही. तू जिंकलेला नाहीस. सांगतेय कारण परवा पाकीट चिकटवल्यावर मलाच बरं वाटेना. जिंकल्याची बातमी द्यायची आणि पडल्याची लपवायची, ह्यात अजून तुला भिणंच आलं की. आता भ्यायचं नाही ठरवलंय तर पुरतंच ठरवलेलं बरं.

झालं असं. मी शिकले होम मैदानावर. तिथं थांबायचं असलं की मी ब्रेक लावतच नाही, उजवा पाय खाली टेकवते आणि घासत घासत सायकल उभी राहते. आपल्या सपाट मुलखातली सवय, तुला माहीत आहे, तूही तेच करायचास, तुझ्या चपलांचे अंगठे झिजायचे म्हणून आई ओरडायची. मैदानावर ते खपतं. त्या उतारावर सायकल सुटली, वळण आलं, वळणावर बारीक खडी. हातात चांगले दोन ब्रेक होते. आणि मी काय केलं असेल? पाय खाली टाकला. वळसंगची अक्कल अंदमानात वापरली. सायकल एकीकडे, मी एकीकडे, डावा पाय अजून पट्ट्यात.

आता पुढचं दोनदा वाच.

पडताना माझ्या तोंडातून हाक निघाली. “दादा!” अशी. मोठ्यांदा. त्या जंगलात, घरापासून एवढ्या लांब, नवरा दहा हातांवर मागून येत असताना, मी तुला हाक मारली. ठरवून नाही मारली. ती आपोआप आली, लहानपणी यायची तशी.

इंद्रजीतनी ऐकली. सायकल टाकून धावत आले. वर उभे राहिले, हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. म्हणाले, “उठतीस का उचलू?”

दादा, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तू तर कधीच नाही. तू उचलायचास. मी पडले हे मला कळायच्या आधी मी तुझ्या खांद्यावर असायचे. शाळेच्या पायरीवर, विहिरीच्या काठावर, एसटीत, जत्रेत. सगळं गाव म्हणायचं, भाऊ असावा तर मानसिंगसारखा. मीही म्हणायचे, आजही म्हणते. तुझ्या खांद्यावर वाढले म्हणून जगले, त्याला ना नाही. पण त्या रस्त्यावर बसून मला तुझा राग आला, असा राग की डोळ्यांतून पाणी आलं. एकदा तरी विचारायचं होतंस. एकदा तरी मी ‘उठते’ म्हटलं असतं.

मी म्हटलं, उठते.

वेळ लागला. पट्टा सोडवला, उजव्या पायावर भार घेतला, सायकलचाच आधार धरून उभी राहिले. ते बाजूला हात मागं बांधून उभे होते, पण त्यांची बोटं आपसात अशी आवळली होती की मलाच त्यांची दया आली. न उचलणं सोपं नसतं, हे मला तेव्हा दिसलं. तुला ते कधी जमलं नाही, त्याचंही कारण मला तेव्हाच कळलं.

इतक्यात टूरची जीप मागून आली. मॅनेजर उडी मारून उतरला, मी म्हटलं नव्हतं का, मी म्हटलं नव्हतं का. सायकल टपावर टाका, मॅडमना पुढं बसवा. जीपमधल्या बायका ‘अगंबाई’ करायला लागल्या, एकीनं बाटली काढली, एकीनं हळद. मी हळद घेतली. जीप घेतली नाही. मॅनेजरला सांगितलं, पडले ते पडून झालं, आता ब्रेक कुठं आहे ते कळलंय.

आणि पुढचा सगळा उतार मी ब्रेक धरून उतरले, रडत आणि शिव्या देत. मग परत सपाट रस्ता, नारळ, सुपारी, दारातली माणसं. बंगालीण दुकानातून बाहेर आली, माझा गुडघा बघितला, सायकलचं वाकलेलं पॅडल बघितलं, आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आली.

संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसलो होतो तेव्हा इंद्रजीत मला चिडवायला लागले. म्हणाले, लग्न माझ्याशी, सायकल मी शिकवली, पट्टा मी शिवून घेतला, आणि हाक दादाला! मी म्हटलं, जुनी सवय आहे, मोडणार नाही. ते म्हणाले, मोडू पण नको. मग आपला कान चाचपत म्हणाले, “अगं, तुझ्या दादाला म्हणावं, कान ठेवलाय म्या. सवडीनं या.”

तर असा माणूस आहे. चार महिन्यांत परत आणून सोडणारा. तू वाट बघत बस.

बना


शुक्रवार पेठ, सोलापूर
१५ डिसेंबर

दादा,

काल परत आलो. आज शाळेत गेले, ऑफिसातल्या बायकांनी गुडघा बघून काय काय अर्थ काढले ते लिहिण्याजोगं नाही.

पायलनं फोन केला होता. तिला रागावू नकोस, तिनं मैत्रिणीच्या मोबाइलवरून केला. अंदमानची दोन्ही पाकिटं तुला एकाच दिवशी मिळाली म्हणे. पहिलं तू पारावर फोडलंस, वाचलंस, आणि पारावरच्यांनी काय लिहिलंय विचारलं तर एवढंच म्हणालास, “पडली आसंल.” बाकी बेट नाही, चढ नाही, समुद्र नाही. नुसतं ‘पडली आसंल’. मला हसूही आलं आणि राग पण आला. बहिणीनं डोंगर पार केला आणि भावाला त्यातनं दिसलं काय, तर पडणं. पण बरोबर ओळखलंस, हेही खरं.

दुसरं पाकीट तू तिथं फोडलं नाहीस. घरी आणलंस, गोठ्याकडे गेलास, आणि बराच वेळ आत होतास. जेवताना सोनावहिनींना विचारलंस म्हणे, औंदा उंडे किती करणार. वहिनी म्हणाल्या, दरसालच्याएवढेच. पायल त्याचे वाट्टेल ते अर्थ लावते, लहान आहे. मी लावत नाही. तू उंड्यांबद्दल विचारलंस म्हणजे उंड्यांबद्दलच विचारलंस.

आता माझं ऐक. शुक्रवारी येळवस आहे.

तू वाट धरू नकोस म्हणालास. तुझा शब्द मी मोडत नाही. तुझ्या शेताची वाट मी धरणार नाही. बांधावर पाय ठेवणार नाही, कोपीत डोकावणार नाही, पांडवांना हात जोडायचे ते लांबून जोडीन. बोलावणं मागत नाही, माफी तर त्याहून नाही. माफी मागायला मी काही केलेलंच नाही. लग्न केलं आणि सायकल शिकले.

पण दादा, अक्कलकोट रोड तुझा नाही. तो सरकारचा आहे. शुक्रवारी सकाळी मी आणि इंद्रजीत सोलापुरातून सायकलनं निघणार आहोत. कुंभारी करत, सावकाश, वळसंगवरून पुढं. रस्ता सपाट आहे, बेट पार करणारीला तो काहीच नाही. वाहनं फार असतात म्हणशील, कडेनं येऊ. पडेन म्हणशील, उठेन. ब्रेक कुठं असतो ते आता पक्कं माहीत आहे.

गावाच्या पुढं, ओढ्याच्या पुलाअलीकडं डाव्या हाताला एक शेत लागतं. ज्वारी उभी असते, बांधाला करडई असते, मध्ये कडब्याची कोप. त्या शेताचा मालक मोठा देवमाणूस आहे, सगळा मुलूख सांगतो. तिथून आम्ही दुपारच्या सुमाराला जाऊ. थांबणार नाही. मान वळवणार नाही. घंटी मात्र वाजवीन, वळणावर वाजवायची असते म्हणून.

येळवसला वाटेनं जाणाऱ्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही, ही आपली रीत. ओळखीचा असो नसो, कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, भांडलेला की बोलका, काही बघायचं नाही. बांधावर उभं राहून हाक मारायची, कोपीपुढं बसवायचं, पानात भज्जी वाढायची. आपल्या बापानं, आबांनी, तर एकदा टायर पंक्चर झालेल्या ट्रकवाल्या पंजाब्याला हात धरून आणलं होतं, त्याला आंबील प्यायला लावलं होतं. तू तेव्हा त्याला वाढत होतास. हाक मारल्याशिवाय एक जरी माणूस रस्त्यानं पुढं गेला तर वर्षभर रास उणी पडते, असं आबा म्हणायचे. मी तुला भीती घालत नाही. रीत आठवण करून देतेय.

तर शुक्रवारी दोन वाटसरू जातील. बाई थोडी तिरकी बसते सायकलवर, डाव्या पॅडलला दप्तराचा पट्टा. माणसाच्या डोळ्याला चष्मा, आणि उजवा कान अजून कोरा.

हाक मारलीस तर सायकल बांधाला टेकवून मी चालत येईन. ढेकळं आहेत, मला माहीत आहे. उचलायला धावू नकोस. बांधावर उभा राहा आणि विचार.

नाही मारलीस तर नाही. आम्ही पुढं जाऊ, पिशवीत कडक भाकरी असते माझ्या, कुठल्याही झाडाखाली खाऊ. मी रडणार नाही आणि परत मागं बघणार नाही. पुढच्या सालीही येळवसला त्याच रस्त्यानं जाईन, त्याच्या पुढच्या सालीही. पाय आहे तोवर.

बेटावर पडताना मी तुला हाक मारली होती. आता तुझी पाळी.

बना